इपॉक्सीत ६० टक्के ॲल्युमिना भरूनही उष्णतावाहकता ०.५५ वरच का थांबते?

प्रश्न

नमस्कार. विद्युतपुरवठा करणारे एक छोटे मॉड्यूल धातूच्या पेटीत बसवून ती पेटी इपॉक्सी ओतून भरायची, म्हणजे त्याचे पॉटिंग करायचे, असे काम माझ्याकडे आहे. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर यांची उष्णता पेटीच्या भिंतीपर्यंत नीट पोहोचली पाहिजे, मात्र विद्युतरोधन जराही कमी होता कामा नये, अशी दुहेरी अट आहे.

नुसत्या इपॉक्सीची उष्णतावाहकता सुमारे ०.२ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आहे. (खाली वाहकतेचे सर्व आकडे याच एककात आहेत.) तिच्यात सरासरी ५ मायक्रॉन आकाराची, ओबडधोबड कणांची ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) पावडर वजनाने ६० टक्के मिसळली. ॲल्युमिनाची स्वतःची वाहकता ३० च्या आसपास असते, म्हणून मिश्रणाची वाहकता निदान ३ ते ४ तरी यावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात हॉट डिस्क पद्धतीने, म्हणजे नमुन्यात चपटा तापणारा संवेदक दाबून, मोजल्यावर ती ०.५५ भरली. त्यानंतर ॲल्युमिनाचा काही भाग काढून त्याजागी ४० नॅनोमीटर आकाराची नॅनो-ॲल्युमिना घातली, तेव्हा वाहकता वाढली नाहीच, उलट मिश्रण इतके दाट झाले की निर्वात कक्षात ठेवूनही त्यातील बुडबुडे पूर्ण निघेनात.

मला निदान १.५ पर्यंत पोहोचायचे आहे. त्यासाठी बोरॉन नायट्राइडकडे वळावे, अत्यल्प प्रमाणात कार्बन नॅनोट्यूब घालावेत, की कणांवर सिलेनची, म्हणजे कण आणि इपॉक्सी यांना जोडणाऱ्या रसायनाची, प्रक्रिया करावी? ३० वाहकतेचा पदार्थ निम्म्याहून अधिक असताना मिश्रण ०.५५ वरच का अडते, हे कारणासह समजले तर पुढचा निर्णय मला घेता येईल.

उत्तर १

तुमच्या मोजमापात चूक दिसत नाही आणि पावडरही निकृष्ट नाही. या मिश्रणाकडून ०.५५ च्या आसपासचीच अपेक्षा ठेवायला हवी, आणि त्याचे कारण वजनाचे टक्के आणि घनफळाचे टक्के यांमधील फरकात आहे.

उष्णता वाहताना पदार्थाने किती जागा व्यापली आहे याला महत्त्व असते, त्याचे वजन किती आहे याला नाही. ॲल्युमिनाची घनता सुमारे ३.९५ आणि इपॉक्सीची सुमारे १.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे. त्यामुळे वजनाने ६० टक्के असलेली ॲल्युमिना घनफळाने फक्त ३१ टक्के भरते. म्हणजे ॲल्युमिना निम्म्याहून अधिक नाही, जेमतेम एक तृतीयांश आहे. उरलेल्या ६९ टक्के जागेत ०.२ वाहकतेची इपॉक्सी सलग पसरलेली असून प्रत्येक कणाला तिने सर्व बाजूंनी वेढलेले आहे. उष्णतेला एका कणातून दुसऱ्या कणात जायचे तर हा इपॉक्सीचा थर ओलांडावाच लागतो. दोन पक्क्या सडकांच्या मध्ये कोसभर चिखलाची वाट असेल, तर सडका कितीही गुळगुळीत केल्या तरी प्रवासाचा वेळ चिखलच ठरवतो. तुमच्या मिश्रणात उष्णतेची गत तशीच आहे.

हे आकड्यांत पाहणे अधिक उपयोगाचे आहे. एकमेकांपासून सुटे असलेल्या गोल कणांसाठी मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकातच सूत्र दिले आहे. कणांची वाहकता अनंत आहे असे धरले तरी त्या सूत्रानुसार मिश्रणाची वाहकता मूळ रेझिनच्या, म्हणजे येथे इपॉक्सीच्या, (१ + २फ) ÷ (१ − फ) पटीपेक्षा पुढे जात नाही. येथे फ म्हणजे कणांचे घनफळातील प्रमाण. फ = ०.३१ घेतल्यास हे गुणोत्तर २.४ च्या जवळ येते, म्हणजे वाहकता ०.४७. कण दाट असताना ब्रुगमन यांचे १९३५ चे सूत्र अनुभवाशी अधिक जुळते. ते ॲल्युमिनाच्या ३० या वाहकतेसाठी ०.५९ देते. तुमचे ०.५५ नेमके या दोहोंच्या मध्ये बसते.

आता याच सूत्रात ३० ऐवजी ३०० वाहकतेचा, म्हणजे दहापट चांगला, कण घालून पाहा. उत्तर ०.५९ वरून ०.६१ होते, बस्स. सर्वाधिक लक्षात ठेवण्याजोगी बाब माझ्या मते हीच आहे. कणाची वाहकता रेझिनच्या शंभरपट झाली की त्यापुढे ती वाढवून गोल कणांच्या विरळ मिश्रणात जवळजवळ काहीच मिळत नाही. ॲल्युमिना रेझिनच्या दीडशेपट आहेच. महागडी पावडर विकत घेऊन ती याच प्रमाणात घातली तर निराशाच पदरी पडेल.

घनफळातील प्रमाण वाढवल्यावर मात्र चित्र पालटते. ॲल्युमिना घनफळाने ६० टक्क्यांवर नेली, म्हणजे वजनाने सुमारे ८३ टक्के केली, तर ब्रुगमन यांचे सूत्र २.५ च्या आसपास वाहकता देते. तुमचे १.५ चे उद्दिष्ट त्याच्या बरेच अलीकडे आहे. तेव्हा ॲल्युमिना सोडू नका, ती अधिक कशी मावेल ते पाहा.

अडचण अर्थातच दाटपणाची आहे. एकाच आकाराचे गोल कसेही ओतले तरी ते सुमारे ६४ टक्क्यांपेक्षा जास्त जागा भरू शकत नाहीत, आणि ओबडधोबड कण त्याहूनही कमी भरतात. या कमाल मर्यादेजवळ जाताना श्यानता, म्हणजे दाटपणा, झपाट्याने चढते. भरणावरून दाटपणा सांगणारे क्रीगर-डॉगर्टी सूत्र लावल्यास, कमाल भरण ६४ टक्के असलेल्या कणांचे ६० टक्के मिश्रण नुसत्या रेझिनच्या सुमारे ८४ पट दाट होते. तेच कमाल भरण ८० टक्क्यांवर नेले तर त्याच ६० टक्के मिश्रणाचा दाटपणा सुमारे १६ पटच राहतो. कमाल भरण वाढवण्याचा मार्ग म्हणजे दोन आकारांचे कण एकत्र करणे: मोठ्या कणांमधल्या पोकळीत लहान कण बसतात. मोठ्याचा आकार लहानाच्या निदान सात ते दहापट असावा, आणि एकूण पावडरीत मोठ्यांचा वाटा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावा. उदाहरणार्थ ४० मायक्रॉनचे मोठे कण आणि ४ मायक्रॉनचे लहान. दोन्ही शक्यतो गोलाकार घ्या. गोलाकार ॲल्युमिना ओबडधोबड पावडरीपेक्षा महाग पडते, पण या कामात तिचा प्रत्येक पैसा वसूल होतो. ती नीट वाहते, आणि ॲल्युमिनाची कठिणता मोस मापावर ९ असल्यामुळे टोकदार कण मिश्रण पंपाची जी झीज करतात तीही कमी होते.

रेझिनही पातळ निवडा. रिॲक्टिव्ह डायल्यूअंट, म्हणजे रेझिनबरोबरच घट्ट होणारे पातळ द्रव, घालून ती पातळ करता येते, मात्र त्याचे प्रमाण वाढले की काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर घट्ट रेझिन मऊ पडते ते तापमान, खाली येते, म्हणून तेथे हात आखडता ठेवा.

उत्तर २

घनफळाचे गणित वर उत्तम मांडले आहे. नॅनो-ॲल्युमिनाने काहीच का साधले नाही हा भाग त्यात राहिला, म्हणून त्याविषयी लिहितो. नॅनोट्यूबच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते.

दोन पदार्थ एकमेकांना अगदी घट्ट चिकटलेले असले तरी त्यांच्या सीमेवर उष्णतेला रोध होतो. प्योत्र कापित्झा यांनी १९४१ साली द्रवरूप हीलियममध्ये बुडवलेल्या तापलेल्या धातूच्या पृष्ठभागाशी तापमानात एकदम पडणारी पायरी मोजली, आणि तेव्हापासून या सीमारोधाला त्यांचे नाव मिळाले. ॲल्युमिनासारख्या विद्युतरोधक स्फटिकात उष्णता वाहते ती जाळीच्या कंपनांतून, म्हणजे फोनॉनमधून. स्फटिकाची जाळी ताठ आणि सुव्यवस्थित असते, तर इपॉक्सीच्या साखळ्या मऊ आणि अस्ताव्यस्त गुंतलेल्या असतात. दोहोंच्या कंपनांचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळे सीमेवर आलेल्या कंपनांचा बराच भाग परत फिरतो.

इपॉक्सी आणि घन कण यांच्या सीमेवरील रोध साधारणपणे एक चौरस मीटर-केल्व्हिन प्रति वॅटचा दहा कोटीवा ते एक कोटीवा भाग एवढा धरला जातो. हा आकडा डोळ्यांसमोर आणण्यासाठी असे समजा की त्यातील वरच्या मर्यादेचा रोध इपॉक्सीच्या २० नॅनोमीटर जाडीच्या थराएवढा आहे. ५ किंवा ४० मायक्रॉनच्या कणाला २० नॅनोमीटरचा थर फारसा जाणवत नाही. १० मायक्रॉन व्यासाच्या ॲल्युमिना कणाची ३० ही वाहकता या रोधामुळे जणू १९ च्या जवळ येते, आणि पहिल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे एवढ्या घटीने मिश्रणावर विशेष परिणाम होत नाही. ४० नॅनोमीटर व्यासाच्या कणाची गोष्ट अगदी निराळी आहे. त्याची त्रिज्याच २० नॅनोमीटर आहे, आणि याच रोधाने त्याची परिणामी वाहकता ०.२ वर येते, म्हणजे हुबेहूब इपॉक्सीएवढी. उष्णतेच्या दृष्टीने असा कण तेथे नसल्यासारखाच असतो, आणि त्याहून लहान कण तर वाहकता घटवतो. सीमारोध याच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे खालच्या मर्यादेचा, धरला तरी त्या कणाची वाहकता २ च्या पुढे जात नाही. शिवाय वजन तेवढेच ठेवून कण शंभरपट लहान केला की एकूण पृष्ठभाग शंभरपट होतो. तो पृष्ठभाग भिजवण्यात रेझिन अडकून पडते, आणि तुमचे मिश्रण दाट झाले ते त्यामुळे.

कार्बन नॅनोट्यूबच्या बाबतीत हाच सीमारोध आड येतो. एकेकट्या बहुभिंती नॅनोट्यूबची वाहकता ३००० च्या वर मोजली गेली आहे, आणि लोकांच्या आशा त्या आकड्यावर बांधलेल्या असतात. पण साबणासारख्या रेणूंनी वेढून पाण्यात तरंगत ठेवलेल्या नॅनोट्यूबभोवतीची सीमा २००३ साली मोजली गेली, तेव्हा तिची वाहकता सुमारे १.२ कोटी वॅट प्रति चौरस मीटर-केल्व्हिन भरली. हा रोध इपॉक्सीच्या सुमारे १७ नॅनोमीटर थराएवढा होतो. ज्या नळीचा व्यासच एक ते काही दशक नॅनोमीटर आहे, तिच्यासाठी हे ओझे फार जड आहे. नळीतून उष्णता वेगाने धावते खरी, पण तिच्यात शिरताना आणि तिच्यातून बाहेर पडताना ती अडते.

विद्युतवाहकतेत मात्र एक टक्क्याहून कमी नॅनोट्यूबनेही प्रचंड फरक पडतो, आणि त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. नॅनोट्यूब आणि इपॉक्सी यांच्या विद्युतवाहकतेतील तफावत दहाच्या पंधराव्या घाताच्या आसपास किंवा त्याहूनही मोठी असते. नळ्यांचे जाळे एकदा जुळले की सगळा प्रवाह त्या जाळ्यातूनच जातो. उष्णतेच्या वाहकतेतील तफावत फार तर दहाच्या चौथ्या घाताएवढी असते, त्यामुळे इपॉक्सीतूनही उष्णता झिरपत राहते आणि जाळे जुळल्याची तशी ठळक उडी दिसत नाही. तुमच्या कामात तर नॅनोट्यूब दुहेरी तोट्याचे ठरतील: उष्णतेत लाभ नगण्य, आणि विद्युतरोधन हातचे जाईल. त्यांचा विचार सोडून द्यावा.

सिलेनविषयी थोडेसे. सिलेनमुळे सीमारोध कमी होऊन वाहकता वाढते असे पुष्कळदा वाचायला मिळते. मायक्रॉन आकाराच्या कणांत सीमारोधाचा वाटाच लहान असल्यामुळे त्या वाटेने होणारा लाभही लहानच असणार. तरीही मी सिलेन वापरण्याचाच सल्ला देईन, पण वेगळ्या कारणांसाठी: प्रक्रिया केलेले कण रेझिनमध्ये लवकर भिजतात, गुठळ्या कमी होतात, दाटपणा उतरतो आणि त्यामुळे पावडर अधिक भरता येते, शिवाय दमट हवेत सीमेवर पाणी साचून विद्युतरोधन ढासळण्याचा धोका घटतो. इपॉक्सीसाठी ग्लायसिडॉक्सी किंवा अमिनो गट असलेले सिलेन घेतात. पृष्ठभागावर त्याचा पातळ थर पुरतो. गरजेपेक्षा जास्त घातले तर सुटे राहिलेले सिलेन रेझिन मऊ करते.

उत्तर ३

बोरॉन नायट्राइडचा प्रश्न अजून बाकी आहे आणि तो एका वाक्यात निकालात काढण्याजोगा नाही.

षट्कोनी बोरॉन नायट्राइडचे कण चपट्या चकत्यांसारखे असतात. चकतीच्या प्रतलात त्याची वाहकता ३०० ते ४०० पर्यंत जाते, पण चकतीच्या जाडीच्या दिशेने ती तिच्या कैकपट कमी असते, कारण प्रतलात अणू बळकट सहसंयुजी बंधांनी जोडलेले असतात आणि थराथरांमध्ये फक्त दुर्बल आकर्षण असते. पहिल्या उत्तरातील निष्कर्ष, म्हणजे कणाची वाहकता वाढवून काही मिळत नाही, गोल कणांपुरता खरा आहे. लांब किंवा चपटे कण एकमेकांना कमी प्रमाणातही भेटतात आणि एकाच कणातून उष्णता दूरवर जाते, म्हणून तेथे कणाच्या अंगच्या वाहकतेचा उपयोग होतो. अट एकच: चकत्या उष्णतेच्या दिशेने उभ्या असायला हव्यात.

नेमकी तीच गोष्ट घडत नाही. साच्यात दाबाने भरलेल्या भागात चकत्या प्रवाहाबरोबर आडव्या होतात आणि भिंतीला समांतर निजतात. मग भागाच्या प्रतलातील वाहकता जाडीच्या दिशेतील वाहकतेच्या तीन-चार पट सहज होते, आणि आपल्याला उष्णता न्यायची असते ती बहुधा जाडीच्या दिशेनेच. पॉटिंगमध्ये दाब नसल्यामुळे चकत्या थोड्या विस्कळीत राहतात, हे खरे. पण अरुंद फटींतून रेझिन वाहते तेथे त्या पुन्हा आडव्या होतातच. चकत्या उभ्या करण्यासाठी चुंबकीय क्षेत्र किंवा गोठवून साचा घडवण्याची पद्धत वापरतात, पण या वाटा तयार पेटीत रेझिन ओतणाऱ्याच्या उपयोगाच्या नाहीत. चकत्यांचे गोल पुंजके करून विकले जाणारे बोरॉन नायट्राइड हा त्यातला व्यवहार्य पर्याय आहे, मात्र जोरात ढवळल्यास पुंजके फुटतात आणि त्यांच्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

बोरॉन नायट्राइड आणि ॲल्युमिना यांची तुलना करणाऱ्या तक्त्यांकडे पाहताना आणखी एक काळजी घ्यावी. बोरॉन नायट्राइडची घनता सुमारे २.२७ आहे. वजनाने ६० टक्के बोरॉन नायट्राइड म्हणजे घनफळाने ४४ टक्के, तर तेवढीच ॲल्युमिना ३१ टक्के. समान वजनाच्या तुलनेत बोरॉन नायट्राइड जो वरचढ दिसतो त्यातील बराच भाग या फरकाचा असतो. वजन कमी ठेवायचे असेल तर हा खराखुरा लाभ आहे, पण त्याला पदार्थाच्या वाहकतेचे श्रेय देऊ नये. चपट्या कणांमुळे दाटपणाही लवकर वाढतो, म्हणून घनफळाने ४४ टक्के बोरॉन नायट्राइड ओतता येईल असे मिश्रण बनवणे अतिशय कठीण आहे. तुमच्या उद्दिष्टासाठी गोलाकार ॲल्युमिनाच मुख्य ठेवावी. फार तर तिच्यातील थोडा भाग बोरॉन नायट्राइडने बदलून पाहावा. ॲल्युमिनियम नायट्राइडचा मोह कोणी घालेल, त्याची वाहकता खरोखर मोठी आहे, पण उघड्या पावडरीची ओलाव्याशी प्रक्रिया होऊन अमोनिया सुटतो. पृष्ठसंस्कार केलेली पावडर मिळाल्याशिवाय तिकडे वळू नये.

आता मोजमापाबद्दल, कारण मिश्रण सुधारत गेले की त्यातल्या चुका अधिक महाग पडतात. हॉट डिस्कचे नेहमीचे गणित नमुना सर्व दिशांना सारखा आहे असे गृहीत धरते. गोल कणांच्या मिश्रणात ते चालते, चकत्यांच्या मिश्रणात त्याच आकड्याला दिशा उरत नाही. लेझर फ्लॅश पद्धत, जी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडली, जाडीच्या दिशेनेच मोजते, पण ती थेट वाहकता देत नाही. ती उष्णता-विसरणशीलता, म्हणजे तापमानातील बदल पदार्थात किती वेगाने पसरतो ते, देते, आणि तिला घनता व विशिष्ट उष्मा यांनी गुणावे लागते. विशिष्ट उष्मा अंदाजाने घेतला तर अंतिम आकडा त्या अंदाजाएवढाच विश्वासार्ह राहतो. पातळ नमुने धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये दाबून मोजण्याची एएसटीएम डी ५४७० या मानकातील स्थिर अवस्थेची पद्धत मला पॉटिंगसाठी सर्वात बोलकी वाटते. तीन-चार वेगवेगळ्या जाडीचे नमुने करावेत आणि जाडीसमोर उष्णतारोध मांडावा: रेषेच्या उतारावरून पदार्थाची वाहकता निघते, आणि रेषा शून्य जाडीला जेथे छेदते तेथे पृष्ठभागाच्या स्पर्शाचा रोध सापडतो. प्रत्यक्ष उपकरणात हा दुसरा आकडाही तितकाच त्रास देतो.

नमुना पाण्यात बुडवून आर्किमिडीजच्या तत्त्वाने त्याची घनता अवश्य मोजा. हिशेबातील घनतेपेक्षा ती जेवढी कमी, तेवढी हवा आत राहिली आहे. गोल, विखुरलेल्या बुडबुड्यांची ५ टक्के हवा वाहकता सुमारे ७ टक्क्यांनी घटवते, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने ते मोठे संकट नव्हे. पण तेच बुडबुडे ट्रान्झिस्टरच्या अंगालगत थराने साचले तर ०.०२६ वाहकतेची हवा थेट उष्णतेच्या वाटेत उभी राहते, आणि उच्च व्होल्टतेच्या ठिकाणी त्यांच्यात अंशतः विसर्जन, म्हणजे बारीक ठिणग्या, होऊन रोधन पोखरले जाते. म्हणून बुडबुड्यांकडे वाहकतेपेक्षा विद्युत सुरक्षिततेच्या नजरेने पाहावे.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. दोन आकारांची गोलाकार ॲल्युमिना आणि सिलेन हा मार्ग मला पटला आहे. दोन शंका उरतात. ४० मायक्रॉनचे जड कण रेझिन घट्ट होण्यापूर्वी तळाशी बसणार नाहीत का? आणि १.५ हे उद्दिष्ट मी तयार पॉटिंग मिश्रणांच्या माहितीपत्रकांवरून घेतले होते. माझ्या पेटीसाठी ते पुरेसे आहे की ३ पर्यंत जायला हवे, हे कसे ठरवावे? माझ्याकडे उष्णतेचा व्यय सुमारे १० वॅट आहे, गरम भाग आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये ३ मिलिमीटर जाडीचा थर सुमारे २० चौरस सेंटीमीटर क्षेत्रावर आहे, आणि पेटीचा हवेला लागणारा पृष्ठभाग सुमारे २०० चौरस सेंटीमीटर आहे. पंखा नाही.

उत्तर १ देणाऱ्याचे उत्तर

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर आले की किती मोठ्या कणांची आणि किती भरणाची गरज आहे ते आपोआप ठरते.

थरातील तापमानाचा फरक म्हणजे उष्णतेचा व्यय गुणिले जाडी, भागिले वाहकता आणि क्षेत्र. तुमच्या आकड्यांवरून ०.५५ वाहकतेला हा फरक २७ अंश येतो, १.५ ला १० अंश आणि ३ ला ५ अंश. पेटीपासून हवेपर्यंतचा टप्पा याहून मोठा आहे. पंख्याविना नैसर्गिक संवहन आणि प्रारण मिळून उष्णता-संक्रमणाचा गुणांक १० वॅट प्रति चौरस मीटर-केल्व्हिनच्या आसपास धरला, तर पेटी सभोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी गरम होईल. म्हणजे एकूण वाढ सध्या ७७ अंश, १.५ ला ६० आणि ३ ला ५५. पहिल्या सुधारणेने १७ अंश मिळतात, दुसरीने फक्त ५, आणि ते ५ अंश मिळवण्यासाठी दाटपणा, ठिसूळपणा आणि खर्च यांची मोठी किंमत मोजावी लागते. १.५ गाठल्यानंतर पुढचा प्रयत्न पेटीवर व्हावा: बाहेरील पृष्ठभाग दीडपट केला तर ५० चे ३३ होतात. यंत्रणेच्या रचनेत वाव असेल आणि रोधनाचे अंतर परवानगी देत असेल, तर थराची जाडी ३ वरून २ मिलिमीटर करणे हाही सोपा उपाय आहे, १.५ वाहकतेला तेवढ्यानेच १० चे ६.७ अंश होतात.

१.५ साठी ब्रुगमन यांच्या सूत्रानुसार घनफळाने ५० टक्क्यांच्या किंचित पुढे ॲल्युमिना लागेल. प्रत्यक्षातील हवा, सीमारोध आणि कणांची असमान वाटणी धरून ५५ टक्के, म्हणजे वजनाने ८० टक्के, एवढे लक्ष्य ठेवावे. ६० टक्क्यांचा अट्टहास नको. भरण वाढले की औष्णिक प्रसरणही कमी होते, इपॉक्सीचे दर अंशाला दशलक्षात ६० भागांच्या आसपासचे प्रसरण निम्म्याजवळ येते आणि रेझिन घट्ट होतानाची उष्णताही थोडक्यात आटोपते, हे चांगलेच आहे. पण त्याबरोबर मिश्रण ताठ होते, आणि तापमान वरखाली होताना सिरॅमिक कपॅसिटर आणि डाक दिलेले जोड यांच्यावर ताण येतो. हे भाग नाजूक असतील तर इपॉक्सीऐवजी सिलिकोनमध्ये हीच ॲल्युमिना भरण्याचा विचार करावा; वरचे सगळे गणित तेथेही जसेच्या तसे लागू पडते, कारण सिलिकोनची वाहकताही ०.२ च्या जवळपासच आहे.

आता कण तळाशी बसण्याबद्दल. एकटा ४० मायक्रॉनचा ॲल्युमिना कण १ पास्कल-सेकंद श्यानतेच्या रेझिनमध्ये, स्टोक्स यांच्या नियमानुसार, तासाला सुमारे साडेआठ मिलिमीटर खाली जातो. हा वेग कणाच्या आकाराच्या वर्गाने बदलतो, म्हणून मोठा कण ४० ऐवजी २० मायक्रॉनचा घेतला तर तो एक चतुर्थांश होतो, आणि त्याच्या जोडीला २ मायक्रॉनचे लहान कण घेता येतात. मात्र तुमच्या मिश्रणात कण एकटा नसेल. खाली जाणाऱ्या कणांच्या जागी रेझिनला वर यावे लागते आणि गर्दीत ते सहज जमत नाही. रिचर्डसन आणि झाकी यांच्या १९५४ च्या सूत्रानुसार ५५ टक्के भरणाला वेग एकट्या कणाच्या सुमारे चाळिसाव्या भागावर येतो. म्हणजे साडेआठ मिलिमीटरचे सुमारे ०.२ मिलिमीटर होतात. भरपूर भरलेले मिश्रण या बाबतीत विरळ मिश्रणापेक्षा सुरक्षित असते.

खरा धोका ओव्हनमध्ये असतो. ८० अंशांना रेझिन घट्ट होण्यापूर्वी आधी अतिशय पातळ होते, श्यानता वीसपट उतरू शकते आणि कण बसण्याचा वेग तेवढाच चढतो. म्हणून आधी कमी तापमानाला जेल होऊ द्यावे आणि मगच तापमान वाढवून पूर्ण घट्ट करावे. अर्धा ते एक टक्का फ्यूम्ड सिलिका (अतिसूक्ष्म सिलिकाची पावडर) घातली तर मिश्रण स्थिर असताना जाळे धरते आणि ढवळताना मोकळे होते. तिनेही बसणे थांबते, पण बुडबुडे काढणे थोडे अवघड होते, तेव्हा ती गरज पडली तरच वापरावी. आणि साठवलेल्या रेझिनच्या डब्यात तळाशी बसलेली पावडर प्रत्येक वेळी पूर्ण उकलून ढवळल्याशिवाय मिश्रण मोजून घेऊ नये, नाहीतर पहिल्या पेट्यांत पावडर कमी आणि शेवटच्या पेट्यांत जास्त जाईल.

बसले की नाही हे तपासायला महाग उपकरण लागत नाही. पेटीएवढ्याच उंचीच्या नळीत मिश्रण ओतून, पेटीसारख्याच तापमानक्रमाने घट्ट करावे, आडवे कापून वरच्या, मधल्या आणि खालच्या तुकड्यांची घनता मोजावी. घनता ३.९५ आणि १.२ यांच्यामध्ये कोठे पडते त्यावरून प्रत्येक तुकड्यातील ॲल्युमिनाचे घनफळ थेट काढता येते. ५५ टक्क्यांना ती २.७ च्या आसपास असायला हवी. हॉट डिस्कने वाहकता मोजण्यासाठीचे नमुनेही याच नळीतून, वरून आणि खालून दोन्हीकडून घ्यावेत.